कठड्याला बांधलेली इन्स्पेक्टरीण

"पोल्डी, मला धावपळ अजिबात नको," हर्मीन फोनवर म्हणाली. "एक निवांत दिवस. दोन चित्रं बघू, एक कॉफी घेऊ, संध्याकाळी थोडं गाणं ऐकू. बास."

ज्या बाईच्या तोंडी 'निवांत' शब्द येतो ना, तिच्यापासून चार हात लांब राहावं, हे आत्ताच सांगून ठेवते. निवांत माणसं दुसऱ्याच्या जिवावर निवांत असतात.

हर्मीन माझी नणंद. राहते लिंत्सला. तिचा नवरा डॅन्यूबवर बोटीचा कप्तान होता. तो गेला, पण हुकूम सोडायची सवय बायकोच्या नावावर करून गेला. तिनं यायला दिवस निवडला गुरुवार. सगळं वर्ष मोकळं पडलं होतं, पण बाईसाहेबांना नेमका तोच गुरुवार हवा होता. त्या गुरुवारी हेर वोंड्राक (हेर म्हणजे आमच्याकडे श्रीयुत, आणि फ्राउ म्हणजे श्रीमती) मला काहीतरी विचारणार होते.

थांबा, हे नीट सांगायला हवं.

आमच्या व्हिएन्नात ऑपेराच्या अगदी वरच्या गॅलरीत उभ्यानं ऐकणाऱ्यांची जागा असते. तिथून गायकांची फक्त टकलं दिसतात, पण ऐकू मात्र देवाच्या आधी येतं. मी आणि हेर वोंड्राक तिथे शेजारीशेजारी इतकी वर्षं उभे आहोत, की लाकडी कठड्याला आमच्या कोपरांचे खळगे पडलेत. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. जास्त खोल आहे तो माझा.

हेर वोंड्राक पियानो सुरात लावायचे. त्यामुळे ऐकतात जास्त, बोलतात कमी. असा पुरुष आमच्या शहरात सापडणं म्हणजे वाळवंटात ट्राम सापडण्यासारखं आहे. तर हेच हेर वोंड्राक मागच्या आठवड्यात आपणहून बोलले.

"इन्स्पेक्टरीणबाई," ते म्हणाले. (माझे यजमान ट्रामचे इन्स्पेक्टर होते. ते वारले, हुद्दा माझ्याकडे राहिला. आमच्याकडे पदवी नवऱ्यापेक्षा जास्त टिकते.) "इन्स्पेक्टरीणबाई, माझे गुडघे आता म्हणतात, बस झालं. पुढच्या हंगामासाठी खाली दोन खुर्च्या मिळतायत. जोडीनंच देतात, एकटी देत नाहीत. तर गुरुवारी, पडदा वर जायच्या आधी, मागच्या सॉसेजच्या टपरीवर याल का? एक विचारायचंय."

आता दोन खुर्च्या आणि एक माणूस. तुम्हीच सांगा, काय विचारणार होते? ट्रामचं वेळापत्रक?

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन रेशमी ब्लाउज घेतला. वाइनच्या रंगाचा, गळ्याशी लांब फीत असलेला. फितीचा हा मोठा बो बांधायचा, उरलेली टोकं खाली सोडायची. दुकानातली मुलगी म्हणाली, आजी, वीस वर्षांनी लहान दिसता. मी म्हटलं, दहा पुरेत गं, नाहीतर ओळखायचे नाहीत.

तळमजल्यावरच्या फ्राउ पोकोर्नींना मी काहीच सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

"नणंद येतेय म्हणे," त्या जिन्यातच आडव्या आल्या. "तिला प्राणिसंग्रहालयात न्या. दमेल, झोपेल. ऑपेरात अजिबात नेऊ नका."

"का?"

"इन्स्पेक्टरीणबाई, ती विधवा. वर तिचं स्वतःचं घर, नदीकाठी. आणि तिला मनात येईल तेव्हा रडता येतं. तुम्हाला येतं का?"

मी मनात येईल तेव्हा रडून बघितलं. येत नव्हतं.

झाडलोट करता करता आमच्या इमारतीची देखभाल करणारा हाउसमास्टर म्हणाला, "मोठ्या दफनभूमीत न्या की. त्याच्याइतकं निवांत आपल्या शहरात काही नाही. लोक एकदा गेले की परत यायचं नाव काढत नाहीत."

गुरुवारी हर्मीन उतरली ती कप्तानाची छत्री घेऊन. छत्री कसली, डोलकाठीच. खाली टोकाला पितळेचा भाला. चित्रांच्या संग्रहालयात दाराशीच पहारेकऱ्यानं अडवलं. कोट इथे ठेवा, छत्री इथे ठेवा.

"ही छत्री नाही, माझ्या मिस्टरांची आठवण आहे," हर्मीन म्हणाली, आणि बघता बघता तिचे डोळे भरले. फ्राउ पोकोर्नींचं खरं होतं हो.

पहारेकरी विरघळला, पण नियम विरघळत नाही. "आठवण आत नेता येत नाही, बाई. आधाराची काठी असेल तर नेता येते. पण मग माणूस लंगडता पाहिजे."

"मग मी लंगडते," हर्मीन म्हणाली.

आणि लंगडली! अख्खं संग्रहालय लंगडली. दालनादालनात पहारेकरी, त्यामुळे कुठे सरळ चालायची सोय नाही. एका दालनातून दुसऱ्या दालनात जायला तिला एवढा वेळ लागला, की तेवढ्यात आमच्याकडे आख्खी राजघराणी संपतात. चित्रातले संत माझ्याकडे बघत होते आणि मी घड्याळाकडे. उभ्याच्या तिकिटाची रांग दुपारीच लागते, आणि रांगेत मागे राहिलं की वर जागा नाही, वर जागा नाही म्हणजे हेर वोंड्राक नाहीत.

"हर्मीन, जरा भरभर लंगड की!"

"अगं, निवांत आलोय ना आपण?"

मग कॉफी. मी म्हटलं, उभ्याउभ्या एक घोट घेऊ. हर्मीन म्हणाली, छे, बसून. बसलो. वेटरनं चांदीच्या ताटलीत कॉफी आणली, शेजारी पाण्याचा ग्लास. हर्मीननं घोट घेतला आणि म्हणाली, "आमच्या लिंत्सला यापेक्षा गरम असते."

मी डोळे मिटून घेतले. व्हिएन्नाचा वेटर रागावला की ओरडत नाही. तुम्ही त्याला दिसेनासे होता. मी हात केला, दिसला नाही. रुमाल हलवला, नाही. उभी राहून वाटेत आडवी आले, तर मला खांब समजून वळसा घालून गेला. पैसे टेबलावर टाकून निघावं म्हटलं, तर त्याच्या हातून न देता उठणं म्हणजे त्या कॅफेत पुन्हा पाऊल नाही. आणि मी त्या कॅफेत लग्नाआधीपासून जाते!

शेवटी मी मोठ्यानं हाक मारली, "हेर डायरेक्टर!"

तसा लगेच दिसायला लागलो आम्ही. बढती मिळाली की वेटरची नजर सुधारते.

रांगेत आम्ही जवळजवळ शेवटी होतो. दारं उघडली, तिकीट मिळालं, आणि त्यानंतर तो जिना मी कशी चढले ते मला विचारू नका. पायऱ्यांना पाय लागलेला आठवत नाही. वर पोचले, तर माझा खळगा रिकामा होता. लोक नियमाला घाबरतात, पण मला जास्त घाबरतात. शेजारी हेर वोंड्राक करडा स्कार्फ कठड्याला बांधत होते. त्यांनी वाकून मला नमस्कार केला, मग माझ्या ब्लाउजकडे बघितलं, आणि स्वतःच्या गाठीत त्यांचं स्वतःचंच बोट अडकलं. मला फार बरं वाटलं.

तर नियम असा. उभ्याच्या जागेला नंबर नाही. आपल्या जागी कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा, की जागा आपली. मग खुशाल बाहेर जा, खा, प्या, पडदा वर जायच्या आत या. बांधलेला स्कार्फ फक्त मालकानं सोडायचा. दुसऱ्या कोणी सोडला, तर सोडणाऱ्याची जागा गेली, हंगाम संपेपर्यंत गॅलरीत पाऊल टाकायचं नाही. सरकारचा नियम नाही हा, आमचा आहे, म्हणून पाळला जातो. एकदा एका मंत्र्याच्या मेव्हण्यानं एक स्कार्फ नुसता सरकवला होता. तो आता डोंगरात मधमाश्या पाळतो.

आणि हा नियम राखतं कोण? मीच की! त्याच संध्याकाळी, आल्याआल्या, एका दातांच्या डॉक्टरला मी झापलं होतं. नवीन माणूस. कोणाच्या तरी स्कार्फचं टोक दोन बोटांनी बाजूला करत होता.

"हात काढा!" मी म्हटलं. "लोकांच्या तोंडात घालता ते पुरे नाही का?"

सगळी गॅलरी हसली. डॉक्टर लाल झाला. ते हसू मला किती महागात पडणार होतं, तेव्हा कुठे माहीत होतं.

"हर्मीन, तूही बांध," मी म्हटलं, आणि कठड्यावरून खाली वाकले. वाकले कशाला, तर पुढच्या हंगामातल्या त्या दोन खुर्च्या साधारण कुठे असतील ते बघायला. माणसानं एवढं पुढचं बघू नये.

मागून हर्मीनचा आवाज आला, "कप्तानाची गाठ आहे ही. पूर आला, बोट फुटली, तरी ही सुटत नाही." मग म्हणाली, "हेर वोंड्राक, तुम्ही खायला निघालात ना? मलाही भूक लागलीय. पोल्डी येईलच."

"आलेच!" म्हणून मी वळले आणि मानेला असा हिसका बसला की टोपी उडाली.

हर्मीनचा स्कार्फही वाइनच्या रंगाचा. माझी फीत कठड्यावर लोंबत होती. तिनं स्कार्फ आणि फीत, दोन्ही मिळून कठड्याला आवळलं होतं. फीत कॉलरला शिवलेली, कॉलर ब्लाउजला, ब्लाउज माझ्या अंगावर. दावणीला बांधलेल्या गाईसारखी मी कठड्यावर हनुवटी टेकून उभी, आणि जिन्यात हर्मीनचं हसू उतरत उतरत लांब चाललेलं.

"हर्मीन!" मी ओरडले. माझा आवाज डॅन्यूबपलीकडे जातो, पण मान दुमडलेली असली की नाकातून निघतो.

गॅलरीत तेव्हा तिघंच उरली होती. एक फ्राउ कुबिचेक, ज्या एकदा चढल्या की नाटक संपल्याशिवाय उतरत नाहीत. दुसरे हेर प्लाचेक, कोर्टातले निवृत्त कारकून, जे स्कार्फ बांधत नाहीत, स्वतःच जागेला बांधून घेतल्यासारखे उभे राहतात. आणि तिसरा तो दातांचा डॉक्टर.

"सोडा की गाठ," फ्राउ कुबिचेक म्हणाल्या.

"थांबा!" हेर प्लाचेकनी बोट वर केलं. "स्कार्फ कोणाचा?"

"माझ्या नणंदेचा."

"मग गाठ नणंदेची. फीत कोणाची?"

"माझी."

"मग फितीपुरत्या तुम्ही मोकळ्या आहात, गाठीपुरत्या नाही."

"अहो, फीत गाठीतच आहे!"

"हाच तर पेच आहे," ते समाधानानं म्हणाले. नोकरी सुटल्यापासून एवढा चांगला खटला त्यांच्यासमोर आला नव्हता.

"फीत कापली तर?"

"कापा. तुमची आहे. पण कापताना स्कार्फचा एक धागा जरी तुटला..." आणि त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

कात्री खाली कोट ठेवायच्या खिडकीवर. फ्राउ कुबिचेकनी पिशवीतून नखं घासायची कानस काढून दिली, आणि मी हनुवटीखाली, न दिसणारी फीत घासायला लागले. रेशीम मुळी घासलंच जाईना. चांगल्यातलं घेतलं होतं ना!

फ्राउ कुबिचेक मागच्या बोळकांडीतल्या खिडकीशी गेल्या. तिथून थेट सॉसेजची टपरी दिसते.

"पोचले दोघं," त्यांनी सांगितलं.

"किती अंतर ठेवून उभे आहेत?"

"अंतर असं नाहीच."

"खिडकी उघडा, हाक मारा!"

"खिळे मारलेत. ती बघा, त्यांच्या टायवरची मोहरीची चटणी पुसतेय."

"त्यांच्या टायला चटणी कधी लागत नाही!"

"मग तिनंच लावली असेल. आता ते काहीतरी बोलतायत. इन्स्पेक्टरीणबाई, बरंच बोलतायत हो!"

बरंच! जो माणूस आख्ख्या हंगामात माझ्याशी 'बरं' आणि 'सुंदर' एवढंच बोलला, तो टपरीवर बरंच बोलत होता! मला दोन खुर्च्या दिसायला लागल्या, एकीवर वोंड्राक, दुसरीवर हर्मीन, मांडीवर ती छत्री.

आता एकच उपाय होता. डॉक्टरचे पाय धडधाकट होते.

"डॉक्टरसाहेब," मी कठड्याला म्हटलं, कारण मान तिकडे वळत नव्हती. "खाली जाऊन माझ्या नणंदेला वर पाठवता का?"

"मी?" तो म्हणाला. "मला तर हात काढायला सांगितलं होतं."

"हात नकोत, पायच हवेत."

"आणि तोंड? लोकांच्या तोंडात हात घालणाऱ्यानं तोंड उघडलं तर चालेल ना?"

आता याच्यापुढे काय करायचं? मी म्हटलं, "चुकलं माझं." कठड्यावर हनुवटी ठेवून, दोन साक्षीदारांसमोर म्हटलं. डॉक्टर वाकून नमस्कार करून गेला.

"उतरला," फ्राउ कुबिचेक खिडकीतून म्हणाल्या. "रस्ता ओलांडला. टपरीशी पोचला."

मी घासायची थांबले.

"रांगेत उभा राहिला."

"कशाच्या?"

"सॉसेज घेतोय. दोन म्हणतोय बहुतेक. हो, दोन."

मी कानस टाकून दिली. गाठ माझ्या नाकासमोर होती. दोन बोटं, एक झटका, मी मोकळी झाले असते. कप्तानाच्या गाठी माझ्या यजमानांनी हर्मीनच्या लग्नातच मला सोडून दाखवल्या होत्या. पण बोटं पुढे जाईनात. ज्या हातांनी मी इतक्या जणांच्या बोटांवर फटके दिले, ते हात काही हलायला तयार नव्हते. हेर प्लाचेक डोळे न मिटता बघत होते. आणि घंटा झाली.

माणसं परत यायला लागली. माझ्याकडे बघायची, गाठीकडे बघायची, आपापसात कुजबुजायची. कोणाच्या मनात सोडायचं नक्की आलं असेल, पण हात कोणी लावला नाही. शाबास, मी शिकवलंय त्यांना.

आणि गर्दीतून हेर वोंड्राक आले. एकटे. चेहरा असा, की पियानोची एक तार तुटलीय.

"तुम्ही आला नाहीत," ते माझ्या पाठीला म्हणाले.

"नाही आले."

"हर्मीनबाई म्हणाल्या, तुम्हाला खुर्चीबद्दल काही ऐकायचंच नाही. म्हणाल्या, पोल्डी म्हणते बसून ऐकणं हे आजारी माणसांचं काम."

वाक्य माझंच होतं. पण ते मी दुसऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल म्हटलं होतं!

"मग तुम्ही तिच्याशी एवढं बरंच काय बोलत होतात?" माझ्या तोंडून गेलं.

"तुमच्याबद्दलच. मी म्हटलं, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही इकडे बघतही नाही आहात, इन्स्पेक्टरीणबाई. म्हणजे खरंच असेल."

"बघत नाही काय! बांधलंय मला!"

ते पुढे आले. वाकून गाठ बघितली, फीत बघितली, मग माझा चेहरा. तो काही बघण्यासारखा नव्हता. वाकल्यानं सगळं रक्त नाकात उतरलं होतं.

हा माणूस, ज्यानं उभ्या जन्मात कोणाच्या स्कार्फला श्वाससुद्धा लागू दिला नाही, त्यानं चष्मा पुसला, सगळ्यांच्या समोर हात पुढे केला, आणि हर्मीनचा स्कार्फ सोडला.

"हॅऽऽ!" करून अख्ख्या गॅलरीनं श्वास आत घेतला. खालच्या पंखे घेतलेल्या बायकांना वाटलं, खिडकी उघडली.

हेर प्लाचेक पुढे झाले. "हेर वोंड्राक. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," हेर वोंड्राक म्हणाले. सगळ्यांना वाकून नमस्कार केला, माझ्यासमोर जरा जास्त वाकले, आणि दाराबाहेर गेले. मी वळून बघेपर्यंत दार मिटलं होतं. मान अजून वाकडीच होती.

दिवे मंद झाले. हर्मीन आली, ओठांना मोहरीची चटणी. "अगंबाई! माझी गाठ कोणी सोडली? पोल्डी, ही फीत काय चुरगाळलीस!"

मुद्दाम केलंस का, असं मी तिला नंतर पुष्कळदा विचारलंय. ती रडायला लागते. म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

वाद्यं सुरू झाली. ज्यासाठी इतकी वर्षं उभी राहिले ते गाणं चालू होतं, आणि मला ऐकू येत होतं फक्त बाहेर जिन्यात कोणीतरी घसा खाकरल्याचं. शेजारी रिकामी जागा होती, आणि कठड्याला त्यांचा करडा स्कार्फ तसाच बांधलेला. तो सोडायला ते आता आत येऊ शकत नव्हते, आणि दुसऱ्या कोणी सोडायचा नव्हता. तो हंगामभर तिथेच राहिला असता.

मी हात पुढे केला.

"इन्स्पेक्टरीणबाई!" हेर प्लाचेक कुजबुजले. "तुम्ही? तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा," मी म्हटलं, आणि गाठ सोडली. साधी होती बिचारी, त्या माणसासारखीच.

"अगं, चाललीस कुठे?" हर्मीन म्हणाली.

"निवांत ऐक तू. आता तिघांची जागा तुझी."

हेर वोंड्राक जिन्यात वरच्या पायरीवर बसले होते, कान भिंतीला लावून. मी स्कार्फ त्यांच्या हातात दिला.

"हा कोणी सोडला?"

"मी."

"पण मग तुमचीही जागा..."

"गेली."

त्यांनी स्कार्फ मांडीवर ठेवला. मग पायरीवर थोडे सरकले, आणि मी बसले. भिंतीतून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. मोठे सूर कळत होते, बारीक सूर ते गुणगुणून दाखवत होते. पहिला अंक झाला, दुसरा झाला. प्रश्न काही निघेना. पियानो लावणारी माणसं घाई करत नाहीत, आधी सगळ्या पट्ट्या दाबून बघतात.

शेवटच्या अंकात, नायिका मरायला टेकली तेव्हा, त्यांनी घसा साफ केला. "तर, इन्स्पेक्टरीणबाई, मला विचारायचं होतं ते असं, की त्या दोन खुर्च्या..."

"श्श!" मी म्हटलं. "मरतेय ती. तिचं होऊ द्या."

तिनंही मरायला काय वेळ लावला! तीन वेळा उठून गायली. ते स्कार्फाची गाठ मारत होते, सोडत होते. शेवटी एकदाची ती पडली, आणि ती पडल्यापडल्या मी म्हटलं, "हो."

तशा ज्या टाळ्या सुरू झाल्या, अहो, जिना हादरला, भिंतीचा रंग पडला, खाली रस्त्यावर बग्ग्यांत पेंगणारे घोडेवाले जागे झाले. लोक म्हणतात त्या टाळ्या गाणारीसाठी होत्या. म्हणोत बापडे.